पुन्हा पुन्हा मागितलं म्हणून देव रागावत नाही

मावशी,

मी मालवण तालुक्यातली. नवरा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जायचा. गेल्या वर्षी मे महिन्यात एका पहाटे उठताना त्याचा उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात नेलं, जीव वाचला. आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातो, पण उजव्या हाताची मूठ उघडत नाही आणि बोलणं नाही. पाणी हवं असलं तरी ‘ता, ता’ एवढंच येतं. तेव्हापासून घरात रोज तेर्स (माळेची प्रार्थना) चालू आहे, नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) झाल्या, वेळांकणीला जाऊन आलो. रापणीतले लोक हंगामात अजून त्याचा वाटा घरी पाठवतात, म्हणून चाललंय.

गेल्या महिन्यात पाहुण्यांनी एका प्रार्थनासभेला नेलं. तिथला प्रचारक म्हणाला, देवाकडे एकदा मागितलं की झालं, पुन्हा पुन्हा मागणं हा अविश्वास. बरा झालो अशी साक्ष द्या, गोळ्या बंद करा, गोळी घेणं म्हणजे देवावर भरवसा नाही. सगळ्यांसमोर नवऱ्याने ‘हो’ म्हणून मान हलवली. त्या दिवसापासून प्रेशरची गोळी तोंडात घेत नाही. फरक काही नाही. मग सांगतात, घरात कुणाचा तरी विश्वास कमी आहे. तो माझाच असणार. सासूबाई म्हणतात, कपेलाच्या (वाडीतल्या छोट्या चर्चच्या) फेस्ताचा, म्हणजे सणाचा, नवस राहिला त्याची ही शिक्षा.

आणखी एक. तेर्सला बसलो की हा ‘आमच्या बापा’, ‘नमान मारिये’ सगळं नीट म्हणतो. शेजारी म्हणतात, नाटक करतो. मला आता प्रार्थनाच होत नाही. माका शब्द गावनत नाय. एका रात्री सायबिणीच्या (मरियामातेच्या) तसबिरीसमोर ‘आता पुरे’ म्हटलं आणि मेणबत्ती विझवून झोपले. सप्टेंबरची नोव्हेना जवळ आली. धरू की नको?

— एक बहीण

बाय,

नोव्हेनाचं शेवटी सांगते. आधी गोळी.

उद्या सकाळी नवऱ्याला घेऊन डॉक्टरांकडे जा. जुनी चिठ्ठी आणि घरात उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घाल, आणि महिनाभर औषध बंद आहे हे लपवू नकोस. कोणती गोळी पुन्हा सुरू करायची, किती मात्रेने, ते त्यांना ठरवू दे. आज संध्याकाळी जमलं तर आरोग्य उपकेंद्रात प्रेशर तेवढं मोजून घे. ज्याला अर्धांगाचा एक झटका येऊन गेला, त्याला दुसरा येण्याची भीती इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते आणि वाढलेलं प्रेशर हे त्यामागचं फार मोठं कारण. प्रेशर वाढलं तरी बहुतेकांना काही जाणवत नाही, डोकंही दुखत नाही. म्हणून महिनाभरात काही झालं नाही यावर विसंबू नकोस. देव न करो, पण तोंड एका बाजूला ओढलं, हातापायातली ताकद एकाएकी गेली, किंवा आहे तेवढंही बोलणं बंद झालं, तर त्याच मिनिटाला १०८ ला फोन कर. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्या वाड्यांतून मोठ्या इस्पितळात पोचायला रस्त्यातच किती वेळ जातो ते तुला मी सांगायला नको. तेव्हा शेजाऱ्यांना जमवत बसू नकोस. तेर्स गाडीत म्हण.

मी जन्मभर परिचारिकेचं काम केलं आणि जन्मभर प्रार्थना केली. या दोघांचं भांडण मला कधी दिसलं नाही. आपल्या कॅथलिक बायबलात सिराखचं पुस्तक आहे. त्याच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राख, औषधं प्रभूनेच जमिनीतून उपजवली आहेत आणि शहाणा माणूस ती टाकून देत नाही असं लिहिलंय. त्याच अध्यायात थोडं पुढे, आजारपणात प्रभूची प्रार्थना कर असंही आहे. प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी पाण्यासोबत थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. तुझा विश्वास कमी पडतोय असं नाही सांगितलं. पौलाबरोबर फिरणाऱ्या लूकला तर बायबलात ‘प्रिय वैद्य’ म्हटलंय. आपल्या वेंगुर्ल्याला मिशनच्या लोकांनी दवाखाना उभारला, त्याला नाव दिलं ते याच लूकचं. समुद्र ओलांडून प्रभूचं नाव सांगायला आलेली माणसं औषधाची पेटी घेऊन आली होती. गोळीमुळे देवाचा अपमान होतो असं त्यांना वाटलं असतं तर ती पेटी त्यांनी बोटीवर चढवलीच नसती.

आता त्या प्रचारकाचं बोलणं. तो मनाने वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण त्याने सांगितलेलं शुभवर्तमानात नाही. उलटच आहे. एकदा मागितलं की पुरे, असं असतं तर गेथशेमानीच्या बागेत प्रभू येशूने काय केलं? हा प्याला माझ्यापासून टळो, असं त्याने पित्याजवळ मागितलं. शिष्य झोपले होते त्यांच्याकडे आला, परत गेला, पुन्हा मागितलं. तिसऱ्यांदाही गेला, आणि मत्तय मुद्दाम नोंदवतो की पुन्हा तेच शब्द बोलून त्याने प्रार्थना केली. तेच शब्द, बाय. नवे, सुंदर, जास्त विश्वासाचे शब्द नव्हेत. देवाच्या पुत्राला जे तीनदा मागावंसं वाटलं ते तुला तीनशे वेळा मागावंसं वाटलं तर त्यात अविश्वास कसला? पौलानेही आपल्या शरीरातल्या काट्याबद्दल तीनदा विनवणी केली. तो काटा नेमका कोणता आजार होता हे बायबल सांगत नाही. एवढं सांगतं की तो गेला नाही, आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असं उत्तर आलं. पौलाचा विश्वास कमी होता असं त्या सभेत कुणी उभं राहून म्हणेल का? त्याच पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत गावी आजारी अवस्थेत मागे ठेवलं, असं तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अगदी शेवटी एका ओळीत आहे. ज्याच्या अंगावरचे रुमालसुद्धा आजाऱ्यांकडे नेत असत, त्या पौलाचा स्वतःचा माणूस आजारी राहिला. बायबलने ती ओळ लपवली नाही.

‘बरा झालो अशी साक्ष द्या’ हे मला सगळ्यांत जास्त लागलं. मार्कच्या आठव्या अध्यायात बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट आहे, ती काढून नवऱ्याला वाचून दाखव. येशू त्याला हाताला धरून गावाबाहेर नेतो, डोळ्यांना थुंकी लावतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, तुला काही दिसतं का? तो माणूस वर बघतो आणि म्हणतो, माणसं दिसताहेत, पण झाडांसारखी, चालताना. विचार कर, समोर खुद्द प्रभू उभा आहे. दुसरा कुणी असता तर भीडेखातर म्हणाला असता, हो हो, सगळं स्वच्छ दिसतंय, तुझी कृपा. याने तसं म्हटलं नाही. जेवढं दिसत होतं तेवढंच सांगितलं. आणि येशू त्याच्यावर रागावला नाही, तुझा विश्वास कमी म्हणून अर्धंच दिसतंय असं त्याला सुनावलं नाही. त्याने पुन्हा हात ठेवले, मग त्याला सगळं स्पष्ट दिसू लागलं. येशूने विचारलं होतं ते खरं उत्तर ऐकण्यासाठी. तुझ्या नवऱ्याने लोकांसमोर मान हलवली. बिचारा दुसरं करणार काय, ‘नाही’ म्हणायलाही त्याच्याकडे शब्द नव्हता. त्याच्यावर त्या दिवशी खोटं बोलण्याची वेळ आणली गेली. त्याला सांग की देवापुढे ती मान तशीच ठेवायची गरज नाही. हात उघडत नाही, शब्द येत नाही, हे रोज देवाला जसंच्या तसं सांगायचं आणि पुन्हा हात ठेव म्हणून मागायचं. प्रार्थनेत टिकून राहणं म्हणतात ते मला तरी एवढंच माहीत आहे.

लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा तुला ठाऊक असेलच. सर्वदा प्रार्थना करावी आणि खचून जाऊ नये म्हणून येशूने हा दाखला सांगितला, असं लूक पहिल्याच ओळीत सांगतो. चारही शुभवर्तमानांत तो एकट्या लूकनेच दिलाय. चर्चमध्ये हा दाखला ऐकताना आपलं लक्ष त्या न्यायाधीशाकडे जातं. मला त्या बाईकडे बघायला आवडतं. नवरा नाही, पैसा नाही, ओळख नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढवून घ्यायला तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवणारी बाई असते ना, तशीच. तिच्या तोंडी येशूने एकच वाक्य घातलंय: माझा न्याय करा. वर्णन नाही, आर्जव नाही, रडणं नाही. ती तेच वाक्य घेऊन येत राहते, आणि तो निगरगट्ट माणूस शेवटी कंटाळून तिचं काम करतो. आता यातून देवही असाच कंटाळेपर्यंत वाट बघायला लावतो असा अर्थ काढणारे लोक आहेत. येशू तर त्याच्या उलट सांगतो. असा अन्यायी माणूससुद्धा ऐकतो, मग तुमचा पिता का ऐकणार नाही, असा तो सवाल आहे. म्हणजे देवाला वाकवण्यासाठी तू जास्त जोराने, जास्त वेळ, जास्त उपास करून मागायला हवंस असं काही नाही. तो आधीच तुझ्या बाजूचा आहे. येत राहायचं ते नातं तुटू नये म्हणून, आणि जे हवंय ते हवंयच म्हणून.

मग उशीर का, असं तू विचारशील. मला याचं उत्तर येत नाही, आणि ज्यांना येतं असं ते सांगतात त्यांच्यापासून मी जरा लांब राहते. पंडिता रमाबाईंपेक्षा जास्त विश्वासाची बाई आपल्या महाराष्ट्राच्या ख्रिस्ती मंडळीत कोण दाखवणार? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार बायकामुलींचं घर प्रार्थनेवर चाललं, मूळ भाषांतून अख्खं बायबल त्यांनी मराठीत आणलं. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या आधीच गेली, आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ मध्ये सायबीण जिला दिसली ती बर्नादेत लहानपणापासून दम्याने बेजार होती. तिथल्या झऱ्याच्या पाण्याने लोक बरे झाल्याच्या हजारो कहाण्या आहेत. त्यातल्या जेमतेम सत्तर-बहात्तर डॉक्टरांच्या कसून तपासणीनंतर चर्चने चमत्कार म्हणून मान्य केल्या. बर्नादेत स्वतः १८७९ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, क्षयरोगाने हाडं झिजून गेली. या बायकांचा विश्वास कमी पडला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुझ्याबद्दल कुणी तसं म्हटलं तर त्यांना ही दोन नावं सांग.

आणि समजा तुझा विश्वास खरंच थोडा आहे. असू दे. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला ओरडून सांगतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. दोन्ही गोष्टी एका दमात. मुलगा बरा झाला. त्याच शुभवर्तमानात चार माणसं एका पक्षाघाती माणसाला खाटेसकट छप्पर उघडून खाली सोडतात, आणि तिथे येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला असं लिहिलंय. खाटेवरचा माणूस एक शब्द बोलत नाही. त्याचंही अंग तुझ्या नवऱ्यासारखंच लुळं पडलेलं होतं. तेव्हा घरातल्या एकेकाच्या विश्वासाचं वजन करत बसू नका.

सासूबाईंचं म्हणणं मात्र वेगळ्या मायेने घ्यायला हवं. त्या आई आहेत. धडधाकट मुलगा असा बसून राहिला, याला काहीतरी कारण सापडलं तर त्यांच्या जिवाला आधार मिळतो, मग ते कारण नवसाचं का असेना. भांडू नकोस. योहानच्या नवव्या अध्यायातला जन्मांध त्यांना वाचून दाखव. शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापाने? आणि येशू साफ सांगतो, यानेही नाही, आईबापानेही नाही. ते वाक्य आईच्या कानांवर पडू दे. तुझ्या नवऱ्याला झटका आला तो मेंदूच्या रक्तपुरवठ्यात बिघाड झाला म्हणून. फेस्ताचा नवस फेडायचा असेल तर आनंदाने फेडा, वाडीला जेवण घाला. दंड भरल्यासारखा फेडू नका.

आता शेजाऱ्यांना काय सांगायचं ते नीट ऐक, कारण तुझ्या पत्रातली ही गोष्ट वाचून मी थांबले आणि पुन्हा वाचली. तो नाटक करत नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की बोलण्याचा हा जो दोष राहतो त्याला अफेजिया म्हणतात. त्यात बुद्धी जात नाही. मनात ‘पाणी’ असतं, पण तो शब्द शोधून, जुळवून तोंडापर्यंत आणण्याचं काम बिघडलेलं असतं. मात्र लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेलं जे असतं, प्रार्थना, गाणी, एक ते दहा आकडे, ते नव्याने जुळवावं लागत नाही. ते मेंदूतून वेगळ्या वाटेने येतं, आणि ती वाट पुष्कळदा शाबूत राहते. म्हणून ‘नमान मारिये’ अख्खं येतं आणि ‘पाणी’ येत नाही. पुष्कळ आजाऱ्यांत असं दिसतं. या शाबूत राहिलेल्या सुरांचा उपयोग करून बोलणं परत आणण्याची एक पद्धत १९७०च्या दशकात अमेरिकेत बसवली गेली. वाचा-उपचार करणारे लोक ती आजही वापरतात. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा वाचा-उपचारासाठी कुठे जाता येईल ते मुद्दाम विचार. दूर असेल तर महिन्यातून एकदा जाऊन घरी करायचे धडे घेऊन येता येतात.

तोवर घरी एवढं कर. त्याच्या समोर बस, रेडिओ-टीव्ही बंद कर. ‘पाणी दी’ हे दोन शब्द एकाच साध्या चालीत, हळू, गाऊन म्हण आणि त्याच्या डाव्या हातावर तालाने थाप दे. त्यालाही बरोबर म्हणू दे. आज नाही आलं तर उद्या. विचारताना ‘चहा की पेज?’ असं दोन्ही दाखवून विचार, म्हणजे बोटाने तरी दाखवेल. त्याला शब्द शोधायला वेळ दे. तू घाईघाईने त्याचं वाक्य पुरं करू नकोस. मोठ्याने ओरडून बोलू नका, कान त्याचे ठीक आहेत. आणि तेर्सला माळ त्याच्या उजव्या हातावरून सोड, मणी डाव्या हाताने सरकवू दे, म्हणजे त्या हाताकडेही त्याचं लक्ष राहील. मूठ ओढून उघडायला जाऊ नका. फिजिओने दाखवलंय तेवढंच.

सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यांत वेगाने होते हे खरं. पण बोलण्यातली सुधारणा पुढेही, कधी कधी काही वर्षं, हळूहळू होत राहते. तो पूर्वीसारखा होडीत चढेल आणि रापणीचा दोर ओढेल का? तसं वचन मी तुला देणार नाही. देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे, आणि तो तुझ्या नवऱ्याला कधी, किती बरं करील हे मी सांगू शकत नाही, या दोन्ही गोष्टी मी एकाच मनात धरून तुला लिहितेय. तूही त्या दोन्ही धर. यातली एक सोडून द्यावी लागेल असं तुला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस.

आता तुझ्याबद्दल. शब्द गावत नाहीत म्हणतेस. रोमकरांच्या पत्रात आठव्या अध्यायात पौल म्हणतो की कशासाठी आणि कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी मागतो, शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने. म्हणजे तू रात्री कूस बदलून सुस्कारा टाकतेस तोही मोजला जातोय. स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र ‘कुठवर?’ असं देवाला विचारतच सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही, तरी तेही पवित्र शास्त्रात आहे आणि मंडळी ते आजही म्हणते. तू मेणबत्ती विझवलीस तेव्हा ‘आता पुरे’ हे कुणाला म्हणालीस? सायबिणीलाच ना? भिंतीला नाही. तीही प्रार्थनाच होती, आणि सगळ्यांत खरी. त्याचं पाप मानून कुमसाराला (पापकबुलीला) जायचं असेल तर जा, फादर ऐकतील. पण माझ्या मते तू प्रार्थना सोडलेली नाहीस. सध्या लांब प्रार्थना नको. सकाळी त्याला गोळी देताना, गोळी त्याच्या तळहातावर ठेवून, ‘प्रभू, याला बरं कर’ एवढं म्हण. रात्रीच्या गोळीलाही तेच. गोळी आणि मागणं एका वेळेला झालं की त्यालाही रोज कळेल की गोळी घेणं हा अविश्वास नाही.

आणि एकटीने नको. निर्गमच्या पुस्तकात मोशेचे वर धरलेले हात भरून आले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवलं आणि दोन बाजूंनी त्याचे हात धरून ठेवले. तुझ्या पत्रात मला असे हात दिसले. रापणीतले लोक वाटा पाठवतात, त्यात सगळे ख्रिस्तीही नसतील, आणि तरी त्याला मी प्रार्थनेबाहेर धरत नाही. त्यांच्यातल्या एखाद्याला सांग, आठवड्यातून एक संध्याकाळ येऊन त्याच्याजवळ बस, त्याला किनाऱ्यावरच्या गोष्टी सांग. त्याला बोलता येत नाही, ऐकता येतं. तेवढ्या वेळात तू झोप. झोप हीही तुझी गरज आहे, तिला स्वार्थ म्हणू नकोस. अपंगत्वाचा दाखला काढला आहे का ते लिहिलं नाहीस. हात-पायाचं अपंगत्व तर आहेच, आणि अफेजियामुळे कायमची गेलेली वाचाही २०१६च्या कायद्यात अपंगत्व म्हणून धरलेली आहे. जिल्हा रुग्णालयात चौकशी कर.

फादरना घरी बोलावून आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार करून घे. आपल्याकडे अजून लोक घाबरतात, फादर तेल घेऊन आले म्हणजे माणूस जाणार. ते तसं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मंडळीने स्पष्ट केलंय की हा संस्कार फक्त मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही, गंभीर आजारात तो घ्यावा आणि आजार बळावला तर पुन्हा घेता येतो. याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं सांगितलंय. बोलवायचं ते मंडळीला. त्या सभेत पुन्हा जायची गरज नाही, आणि पाहुण्यांनी आग्रह केला तर माझं नाव सांगून नाही म्हण.

नोव्हेना धर. ३० ऑगस्टला सुरू कर, ८ सप्टेंबरच्या सायबिणीच्या फेस्तापर्यंत. पण यंदा चर्चला धावत जाऊन नऊ दिवस उपाशी राहायचं नाही. घरातच, जेवून झाल्यावर, अर्ध्या तासात आटोपेल अशी. पुढाकार तुझ्याकडे नको, नवऱ्याकडे दे. ‘आमच्या बापा’ त्याने सुरू करायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. त्याला ते येतंय. ज्या शेजाऱ्यांनी नाटक म्हटलं त्यांनाही एक दिवस बोलाव. प्रत्येक दिवशी शेवटी, जे मागायचं ते आडपडदा न ठेवता माग: याची वाचा परत दे, याचा हात उघडू दे. ‘तुझी इच्छा असेल तर’ हे आधी जोडून स्वतःची मागणी बारीक करू नकोस. मार्क सांगतो तसं, येशूनेही बागेत आधी मागितलं आणि मग पित्यावर सोपवलं. एखाद्या दिवशी जीव नको म्हणाला तर त्याला आणि सासूबाईंना म्हणू दे, तू नुसती बस.

डॉक्टर काय म्हणाले आणि प्रेशर किती निघालं ते मला पुढच्या पत्रात लिही. नवऱ्याचं नावही कळव. आमच्या इथे शुक्रवारी आजाऱ्यांसाठी मिस्सा असते, त्यात ते नाव घेऊन मागू, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा मागू.

तुझी मावशी